घरची माणसं वगळून

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या 'मायेची चव' या गोठवलेल्या पुरणपोळ्यांच्या कारखान्यात एकही कामगार नाही, अशी मालक गुरुदत्त सबनीस यांची अधिकृत भूमिका होती. रोज पहाटे पंचवीसेक माणसं तिथे येत, डोक्याला जाळी आणि हातांना मोजे चढवत, पुरण शिजवत, पोळ्या लाटत, भाजत, गार करत आणि पाकिटात घालून फ्रीझरमध्ये रचत. पण याला काम म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे, असं गुरुदत्तरावांचं मत होतं. ती सगळी घरची माणसं होती. पाकिटावर तसं छापलेलंच होतं: 'घरच्यांनी, घरच्यांसाठी.'

गुरुदत्तराव आयुष्यभर मोटारींच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना थांबणं जमेना, म्हणून त्यांनी हा कारखाना काढला. डेट्रॉइटच्या आसपासची मराठी मंडळी त्यांना गुरुकाका म्हणत. कारखान्याची कल्पना त्यांची, उद्घाटनाचं भाषण त्यांचं आणि पाकिटावरचा हसरा फोटोही त्यांचाच. पुरणाची कृती तेवढी त्यांच्या बायकोची, शोभाकाकूंची. काकू सगळ्यांच्या आधी येऊन दिवे लावायच्या, डाळ शिजायला टाकायच्या, जी बाई आली नसेल तिच्या जागी लाटायला उभ्या राहायच्या आणि सगळे गेल्यावर पुरणयंत्र घासून घरी जायच्या. घरी गेल्यावर स्वयंपाक असायचाच.

काकूंचं या जगाकडे एकच मागणं होतं. त्यांना पोहायला शिकायचं होतं. त्यांच्या घरामागे तळं होतं. पाहुणे आले की गुरुदत्तराव 'आमचं तळं' म्हणून ते दाखवायचे आणि काकू सगळ्यांना चहा देता देता त्या पाण्याकडे बघायच्या. पावलं बुडतील यापुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. कम्युनिटी सेंटरमध्ये रविवारी सकाळी वयस्कर नवशिक्यांसाठी पोहण्याचा वर्ग भरायचा. दर हंगामात वर्ग नव्यानं सुरू व्हायचा आणि दर हंगामात काकूंचं नाव त्यात असायचं. काकू मात्र नसायच्या, कारण कारखाना रविवारीही चालू असायचा.

रविवार सक्तीचा नव्हता. सक्ती गुरुदत्तरावांच्या स्वभावातच नव्हती. शनिवारी काम संपताना ते सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायचे, "ज्याला हे आपलं घर वाटतं, त्यानं उद्या यावं." मग ज्याला घर वाटलं नाही, त्याला पुढचा आठवडाभर फ्रीझरमध्ये माल रचायचं काम मिळायचं. तेही आपुलकीनंच.

लाटणी विभागात गिरिजा होती. मूळची सांगलीची, हाताला हलकी आणि जिभेला तिखट. तिच्या मुलाचा बुद्धिबळाचा सामना नेमका रविवारी आला, म्हणून तिनं सुट्टी मागितली.

"अगं, घरात कार्य असताना कुणी रजा मागतं का?" गुरुदत्तराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी तुझा बॉस नाही गिरिजा, काका आहे."

"मग काका म्हणून मॅचला या ना," गिरिजा म्हणाली.

ते काकांना जमण्यासारखं नव्हतं. पुढचा आठवडा गिरिजानं फ्रीझरमध्ये काढला आणि तिथली थंडी अंगात मुरायच्या आत अन्नकामगारांच्या युनियनचा अर्ज श्रम मंडळात जाऊन पडला. अर्जात म्हटलं होतं की 'मायेची चव' येथे पुरण शिजवणाऱ्या, लाटणाऱ्या, भाजणाऱ्या, पाकिटं करणाऱ्या आणि फ्रीझरमध्ये ये-जा करणाऱ्या सर्व व्यक्ती मिळून वाटाघाटीसाठी एक युनिट मानावं, युनियन हवी की नको यावर त्यांचं मतदान घ्यावं. पहिली मागणी: रविवारी कारखाना बंद.

गुरुदत्तरावांनी कपाळाला हात लावला. काकूंनीही चेहरा उतरवला, पण तो त्यांना जरा ओढूनताणून उतरवावा लागला. रविवारी कारखाना बंद! त्या डाळ ढवळत होत्या आणि मनातल्या मनात हातपाय मारत होत्या.

वकील म्हणून मराठी मंडळातल्याच एका मित्राचा मुलगा सौमित्र मिळाला. तो मुळात घरखरेदीची कागदपत्रं करायचा, पण श्रम कायदा त्यानं शनिवार-रविवारात वाचून काढला.

"काका, first option," सौमित्र म्हणाला, "आपण म्हणू की सगळेच सुपरवायझर आहेत. सुपरवायझर युनिटमध्ये येत नाहीत. युनिट एम्प्टी, केस क्लोज."

"मग काम कोण करतं असं विचारलं तर?"

"हां यार, तो प्रॉब्लेम आहे." सौमित्रनं पान उलटलं. "Second option. मालकाचे नातेवाईक. घरातले म्हणून ज्यांना स्पेशल ट्रीटमेंट मिळते, त्यांनाही युनिटबाहेर ठेवता येतं."

गुरुदत्तराव खुर्चीतून उठलेच. "अरे, मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय? सगळे घरचेच आहेत!"

"पण प्रूफ लागेल काका. स्पेशल ट्रीटमेंट काय देता तुम्ही त्यांना?"

गुरुदत्तरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मागे एकदा त्यांनी सगळ्यांना मराठी मंडळाची जुनी कॅलेंडरं वाटली होती. सौमित्रनं ते लिहून घेतलं नाही.

"सुनावणीला वेळ आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत ट्रीटमेंट सुरू करा."

अशा रीतीनं 'मायेची चव'मध्ये मायेचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. सुनावणी होईपर्यंत रविवारचं उत्पादन थांबवण्यात आलं. हे ऐकून काकूंनी लगेच पोहण्याचा पोशाख कपाटातून बाहेर काढला, बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. तो पिशवीत भरून होतो तोच गुरुदत्तरावांनी कार्यक्रमाचा उरलेला भाग सांगितला. रविवारी सगळे घरचे दुपारी घरी जेवायला येणार होते.

"सगळे?" काकूंनी विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. घरचे आहेत ना! पुरणपोळी नको हं, कंटाळलेत ते. मसालेभात, भरली वांगी, अळूवडी, श्रीखंड. आणि घरच्यासारखं वाटलं पाहिजे, तेव्हा कागदी प्लेटा नकोत."

रविवारी पंचवीस माणसं जेवली. पोरंबाळं धरून जास्तच. जेवणं झाल्यावर बायकांनी सवयीनं पदर खोचले, बाह्या सारल्या आणि सिंककडे निघाल्या. गिरिजानं त्यांना अडवलं.

"थांबा गं. काकू, तुम्हाला मदत करायला आवडलं असतं, पण युनियनचे वकील म्हणालेत, मालकाच्या घरी हात चालवायचा नाही. नंतर ते म्हणतील आम्ही घरच्याच." ती मनापासून ओशाळली होती. "श्रीखंड फार सुंदर झालंय मात्र."

काकूंनी एकटीनं भांडी घासली. खिडकीतून तळं दिसत होतं.

पुढच्या रविवारी तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. शिवाय सौमित्रच्या सल्ल्यानं प्रत्येकाचा वाढदिवस घरच्यासारखा साजरा होऊ लागला. फ्रीझर सांभाळणारा डॅरिल हा डेट्रॉइटचाच, सहा फुटांवर उंच, धिप्पाड माणूस. त्याला पाटावर बसवून काकूंनी ओवाळलं. त्याला उठता येईना, तेव्हा दोघांनी ओढून उभा केला. गुरुदत्तरावांनी पुरावा म्हणून फोटो काढले. फोटोत सगळे होते, काकू सोडून. त्या आत लाडू काढत होत्या. सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली तेव्हा काकूंना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. कारखाना चालू असताना त्यांना रविवार नव्हता आणि बंद पडल्यावर तर त्या रविवारी उभ्याच असायच्या.

सुनावणी डेट्रॉइटच्या एका सरकारी इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत झाली. सुनावणी अधिकारी मिस हॉलिंगर यांचा चेहरा इतका निर्विकार होता की त्यांना राग आला की भूक लागली हे कळायला मार्ग नव्हता. काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गुरुदत्तरावांना दर दोन तासांनी काहीतरी खायला लागायचं, म्हणून त्या डबा आणि थर्मास घेऊन आल्या होत्या.

गुरुदत्तरावांनी आधी भारतीय कुटुंबव्यवस्थेवर बोलून घेतलं. टंकलेखिकेला मध्येच थांबून बोटं चोळावी लागली.

"म्हणजे गिरिजा तुम्हाला मुलीसारखी आहे," हॉलिंगरबाई म्हणाल्या.

"सारखी नाही, मुलगीच."

"तिला मुलं आहेत?"

"आहेत की!"

"मुलगा की मुलगी?"

गुरुदत्तरावांनी मागे वळून पाहिलं. काकूंनी ओठ हलवले.

"मुलगा," ते म्हणाले.

"साक्षीदारानं पत्नीकडे पाहिलं, अशी नोंद घ्या," हॉलिंगरबाईंनी टंकलेखिकेला सांगितलं. "त्याचं नाव?"

गुरुदत्तराव पुन्हा वळले. नोंद पुन्हा झाली. पुढच्या अर्ध्या तासात ती इतक्या वेळा झाली की टंकलेखिकेनं त्या नोंदीसाठी एक वेगळं बटण लावून घेतलं.

मग डॅरिल आला. वाढदिवसाविषयी तो भारावून बोलला. "मिसेस सबनीसनी माझ्या कपाळाला लाल टिळा लावला, माझ्याभोवती दिवा फिरवला. माझ्या आईनंही असं कधी केलं नव्हतं. मग सोमवारी मी कंपनीकडे फ्रीझरसाठी जाड जॅकेट मागितलं. मिस्टर सबनीस म्हणाले, घरात थंडी वाजली तर आपण स्वतःचा स्वेटर घालतो."

सौमित्रनं डोळे मिटून घेतले.

शेवटी गिरिजा. सौमित्र उठला आणि फोटो पुढे करून म्हणाला, "तुम्ही सलग कितीतरी रविवार सबनीसांच्या घरी जेवलात. घरची म्हणूनच ना?"

"नाही, पाहुणी म्हणून," गिरिजा म्हणाली. "घरची असते तर भांडी घासली असती."

हॉलिंगरबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग भांडी कुणी घासली?"

एकेक करत सगळे मागच्या रांगेकडे वळले. काकू गुरुदत्तरावांसाठी चिवड्याचा डबा उघडत होत्या.

काकूंना साक्षीला बसवलं. त्यांचं इंग्रजी भाजीबाजारापुरतं आणि बँकेपुरतं होतं, पण प्रश्नच सोपे होते.

"तुमचं काम किती वाजता सुरू होतं?"

"उठल्यावर."

"संपतं किती वाजता?"

"झोपल्यावर."

"कामाचं स्वरूप?"

काकू सांगायला लागल्या. डाळ, पुरण, कणीक, लाटणं, भाजणं, जो येणार नाही त्याची जागा, यंत्र घासणं, आजारी पडेल त्याला फुलं पाठवणं, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणं. मग घरचं. टंकलेखिकेनं पान बदललं, पुन्हा बदललं.

"पगार?"

काकू हसल्या. "घरात कुठे पगार असतो?"

"सुट्टी?"

यावर काकूंना हसू आलं नाही. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, नवऱ्यानं नाही, मुलांनी नाही, मराठी मंडळातल्या कुणी नाही. आणि विचारला तो या अनोळखी, कोरड्या चेहऱ्याच्या बाईनं. काकू एकदम म्हणाल्या, "मला रविवार पाहिजे. मला पोहायला शिकायचंय. मलाही यांच्यात घ्या."

"शोभा!" गुरुदत्तराव ओरडले.

सौमित्रनं ताडकन उठून हरकत घेतली. मालकाची पत्नी युनिटमध्ये येऊच शकत नव्हती. त्याच्याआधीच, खरं तर, युनियनचे वकील उठले होते. मालकाची बायको बैठकीत बसणार, मालकाविरुद्ध काय ठरलं ते तिच्यासमोर बोलायचं कसं? संपूर्ण खटल्यात दोन्ही पक्षांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा होता. गिरिजा पायांकडे बघत राहिली.

निकाल महिन्याभरानं आला. श्रम मंडळाला असं आढळून आलं होतं की पुरण शिजवणाऱ्या, लाटणाऱ्या, भाजणाऱ्या, पाकिटं करणाऱ्या आणि फ्रीझरमध्ये ये-जा करणाऱ्या व्यक्तींचे हितसंबंध समान आहेत. त्या मालकाच्या घरच्या नाहीत, कारण त्यांना घरच्यासारखं वागवल्याचा पुरावा अर्ज आल्यानंतरचा आहे. सबब त्या सर्व युनिटात. श्रीमती शोभा सबनीस या वरील सर्व विभागांचं काम करतात आणि त्यांना कोणतीही विशेष सवलत मिळत नाही, त्यामुळे वस्तुस्थिती पाहता त्यांच्याइतकी खरी कर्मचारी दुसरी कोणीच नाही. तथापि त्या मालकाच्या पत्नी आहेत आणि पती किंवा पत्नीनं कामाला लावलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत कर्मचारी ठरत नाही. सबब त्या बाहेर.

काकूंनी हॉलिंगरबाईंना फोन लावला. "मग मी कोण?" त्यांनी विचारलं.

"कायद्यात त्याला शब्द नाही, मिसेस सबनीस," हॉलिंगरबाई म्हणाल्या. "आय ॲम सॉरी." आवाजावरून ते त्यांना खरंच वाटत होतं.

मतदान झालं, युनियन आली, करार झाला. रविवारी कारखाना बंद. डॅरिलला जॅकेट मिळालं. गिरिजा पेढे घेऊन काकूंकडे आली आणि दारातच उभी राहिली.

"काकू, तुमच्यासाठी भांडलो असतो तर आमचीच केस गेली असती."

"माहितीय गं," काकू म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, पण गिरिजाचं नाही. इतकी वर्षं 'तू काय, घरचीच' हे शब्द त्यांनी एखादा दागिना मिळाल्यासारखे अंगावर मिरवले होते, त्याचं वाईट वाटलं होतं. तरी एक गोष्ट खरी होती. रविवार बंद म्हणजे बंद. वर्गाचा नवा हंगाम सुरू होत होता.

तेवढ्यात दिवाळी आली. भारतीय किराणा दुकानांच्या मागण्या आल्या, फ्रीझर रिकामे झाले. शनिवारी संध्याकाळी गुरुदत्तरावांनी हात जोडले, पण समोर गिरिजा करार घेऊन उभी होती. मग त्यांनी घरी येऊन सौमित्रला स्पीकरवर घेतलं.

"काका, युनिटमधल्या लोकांना संडेला नाही बोलावता येणार," सौमित्र म्हणाला. "जे युनिटबाहेर आहेत ते करू शकतात."

"बाहेर कोण आहे?"

"तुम्ही. आणि काकू."

गुरुदत्तरावांची पाठ दुखत होती. शिवाय देखरेखीला कुणी तरी हवंच होतं. ते काकूंकडे वळले आणि गहिवरून म्हणाले, "बघ शोभा, शेवटी घरचंच माणूस उपयोगी पडतं. पहाटे लवकर निघू."

"मी येणार नाही," काकू म्हणाल्या. "उद्या रविवार आहे."

"तो त्यांचा रविवार! तू करारात नाहीस."

"म्हणूनच तर. मी कशातच नाही, मग तुम्ही मला कुठल्या नियमानं नेणार?"

गुरुदत्तरावांचा तोल गेला. "सौमित्र, ही संप करते आहे! काय करता येतं?"

"Technically काका..." फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. "युनिटवाल्यांना प्रोटेक्शन आहे. काकूंना काहीच नाही. तुम्ही त्यांना fire पण करू शकता. पण मी सजेस्ट नाही करणार..."

"काढलं!" गुरुदत्तराव गरजले. "ऐकलंस? कारखान्यातून काढलं तुला. या क्षणापासून!"

काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "नक्की ना? नंतर पुन्हा घरची म्हणून बोलावणार नाही ना?"

"मुळीच नाही!"

"सौमित्र, तू साक्षीदार आहेस हं," काकू फोनकडे वाकून म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून पाय मारत होत्या. नाकात पाणी गेलं, चष्म्याशिवाय शिकवणारी पोरगी धुरकट दिसत होती, पाय सारखे खाली जात होते. पण त्या पाण्यात त्यांच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. काकू मोठ्यानं हसल्या आणि पुन्हा नाकात पाणी गेलं.

दुपारी ओल्या केसांनी त्या घरी आल्या. गुरुदत्तराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. कारखान्यात एकट्यानं त्यांनी काही पोळ्या लाटल्या होत्या. त्या विकण्याजोग्या नव्हत्या आणि खाण्याजोग्याही नव्हत्या.

"जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काढलंय ना?"

"ते कारखान्यातून! घरातून थोडंच काढलंय?"

काकूंनी शांतपणे फोन उचलला, सौमित्रला लावला आणि गुरुदत्तरावांच्या हातात दिला. विचारा म्हणाल्या, घराचं कायद्यात काय आहे.

"घराचं काही नसतं काका," सौमित्र म्हणाला. "तिथे employee नाहीत, युनिट नाही, मंडळ पण येत नाही. तिथे सगळं... म्हणजे जसं चालतं तसंच चालतं ना?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तुम्हालाही ते पटलं असेल. आता जरा कान द्या. तुमच्याही घरात आतून भांड्यांचा, निदान कुकरच्या शिटीचा आवाज येत असेल. तो कुणाचा आहे हे माहीत असूनही तुम्ही बसल्या जागेवरून न उठता इथवर वाचत आला असाल, तर उपलब्ध पुराव्यावरून असं आढळून येतं की तुम्ही व्यवस्थापनात मोडता.